हप्त्याची संध्याकाळ

निपाणीत त्याला सगळे नुसतं ‘कॉम्प्लेक्स’ म्हणायचे. दर्शनी भिंतीवर सिमेंटच्या उठावदार अक्षरांत मालकाच्या वडिलांचं नाव होतं, पण पत्ता सांगताना ते कुणाच्या तोंडून कधी आलं नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एका तंबाखू व्यापाऱ्यानं आपल्या वखारीचा रस्त्याकडचा भाग पाडून ते बांधलं. खाली-वर गाळे, मध्ये उघडा चौक, चौकात कारंजं. कारंज्याला पाणी आलेलं आमच्या पिढीनं पाहिलेलं नाही. त्याच्या कठड्यावर बसून आम्ही आइसफ्रूट खायचो. फरशी मोझॅकची, तांबड्या-पिवळ्या खड्यांची. जिन्याला तेव्हा फार भारी वाटणारा स्टीलचा कठडा. कोल्हापूरला महाद्वार रोड होता, बेळगावला गणपत गल्ली होती. पण साडी, चप्पल, घड्याळ, कॅसेट आणि फालुदा एकाच छपराखाली, ही चैन आमच्या पंचक्रोशीत इथंच होती.

आमचा गाळा वरच्या मजल्यावर, उत्तरेच्या कोपऱ्यात. आण्णा लेडीज टेलर. गिऱ्हाइकाला जिना चढायला लागतो म्हणून वरच्या गाळ्यांची पागडी कमी होती, आणि आण्णांना परवडणारी तीच होती. पण विचारलं तर ते पागडीचं कारण सांगत नसत. “उत्तरंची खिडकी हाय. दिवसभर एकसारखा उजेड. काळ्या कापडावर काळा दोरा खालच्या मजल्यावर कुणी घालून दाखवावा,” असं म्हणायचे. शाळा सुटली की मी तिथंच. ब्लाऊजला हूक लावणं, काज करणं, परकराच्या नेफ्यात नाडी ओवणं ही माझी कामं. त्या खिडकीतून मागची वखार दिसायची, म्हणजे व्यापाऱ्यानं न पाडता ठेवलेली अर्धी वखार. पत्र्याचं उंच छप्पर, आणि दरवाजातून बाहेर येणारा तपकिरी धुरळा.

हा धुरळा म्हणजे खकाणा. निपाणीचा माणूस त्याच्यातच वाढतो, त्याला त्याचं काही वाटत नाही. बाहेरगावचा पाहुणा मात्र स्टँडवर उतरला की आधी शिंकायचा. गावाला रेल्वे नाही, त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक जण एसटीनं नाहीतर कर्नाटकच्या लाल बसनं यायचा, आणि शिंकांवरून नवखा कोण ते स्टँडवरच कळायचं. भोवतालच्या काळ्या रानात विडीची तंबाखू पिकायची. शेतात वाळवलेला पाला सुगीनंतर वखारीत यायचा. तिथं बायका तो बडवायच्या, चाळायच्या, काडी वेगळी, पाला वेगळा, भुकटी वेगळी करून पोती भरायच्या. तोंडाला पदर बांधलेला. संध्याकाळी बाहेर पडताना पापण्यांपासून पायाच्या नखांपर्यंत सगळ्या एकाच रंगाच्या झालेल्या असायच्या. दुसऱ्या बायका विड्या वळायच्या. काही कारखान्यात बसून, बऱ्याचशा घरी. पानं भिजवायची, पत्र्याच्या मापावर कात्रीनं कापायची, तंबाखू भरून वळायची, टोक दुमडायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. त्यातून कच्च्या, वाकड्या म्हणून काही विड्या बाजूला काढल्या जायच्या आणि त्यांचे पैसे मिळायचे नाहीत. बाजूला काढलेल्या विड्यांचं पुढं काय व्हायचं, हे आम्ही पोरांनीही विचारलेलं होतं. त्यावर मोठी माणसं हसायची.

कॉम्प्लेक्समध्ये पैसा दोन वाटांनी यायचा. एक वाट शेतकऱ्याची. तंबाखू विकली की त्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, व्हायची, आणि ती झाली की उन्हाळ्यात बैलगाड्या, मागाहून ट्रॅक्टर, कॉम्प्लेक्ससमोर उभे राहायचे. तेव्हाची खरेदी दांडगी. लग्नाचा बस्ता, तांब्याचा बंब, पितळेची घागर, मुलीला द्यायचं कपाट, जावयाला घड्याळ. भांड्यांच्या दुकानात नावं घालणारा माणूस त्या दिवसांत जेवायलाही उठत नसे. त्याची ती टकटक वरपर्यंत ऐकू यायची. दुकानदारांच्या गप्पांत पुढं वर्षभर हीच पट्टी असायची. अमक्यानं एका बैठकीत किती नोटा मोजल्या, तमक्यानं सगळा बस्ता भाव न करता कसा उचलला.

दुसरी वाट बायकांच्या हप्त्याची. आठवड्याची मजुरी मिळायची त्या संध्याकाळची. तिच्या गप्पा कुणी मारत नसे. पण दुकानाचं भाडं, कारागिराचा पगार, विजेचं बिल हे सगळं त्यातून निघायचं, हे मला आण्णांच्या वहीनं शिकवलं. पट्टीचे पैसे वर्षातून एकदा यायचे आणि बऱ्याचदा पावसाळ्याआधी संपलेले असायचे. हप्ता दर आठवड्याला यायचा. श्रावणात, दिवाळीत, भर पावसात, कधीही.

त्या संध्याकाळी आण्णा मला दोन वाजल्यापासून सांगायचे, “हूक उरकून घे गं, आज बायका येत्यात.” पाच-साडेपाचला चौकात एकच गलका. वखारीच्या बायका सरळ कामावरूनच यायच्या. आधी चौकातल्या नळावर हातपाय धुवायच्या. नळ वॉचमनच्या ताब्यात होता आणि तो कुरकुर करायचा, कारण फरशीवर तपकिरी ओघळ यायचे. मग पदर झटकून, एकमेकींचे केस सारखे करून त्यांचे घोळके आत शिरायचे. एकटी-दुकटी कुणी येत नसे. आधी भेळ, नाहीतर मिरची भजी. मग बांगड्या. तळमजल्यावर जिन्याखालच्या गाळ्यात बांगडीवाल्या मावशी बसायच्या. त्या पोरीचा हात दाबून चिमटून अशी काही लहान मापाची बांगडी चढवायच्या की हातही लालभडक व्हायचा आणि पोरगीही. “दुखतंय न्हवं? दुखूं दे. सैल बांगडी फुटती.” रविवारी घालायला म्हणून घेतलेल्या बांगड्या सोमवारी वखारीत फुटायच्या आणि पुढच्या हप्त्याला ती पोरगी पुन्हा मावशींच्या पुढ्यात हजर. या धंद्याचं गणित मला तेव्हाही कळत होतं.

त्यानंतर खोटे दागिने, टिकल्यांची पाकिटं, रिबनी, पोराला एखादा चड्डी-शर्ट. मग जिना चढून आमच्याकडं. चिकोडीकडच्या बायका कानडीत घासाघीस करायच्या, “सोल्प कम्मी माड्री, आण्णा,” आणि आण्णा त्यांना मराठीत उत्तर द्यायचे, “बाई, कापड तुमचं, दोरा माझा, कमी कशात करू?” दोघांचंही एकमेकांना कळायचं. ब्लाऊजची शिलाई बहुतेकजणी एकदम द्यायच्या नाहीत. निम्मी आज, निम्मी पुढच्या हप्त्याला. आण्णांच्या मापाच्या वहीत गिऱ्हाइकाचं नाव क्वचित असायचं. त्यांच्या खुणा निराळ्या. ‘वखार, उंच’, ‘अकोळची म्हातारी’, ‘विडी, डावा हात भरून’, ‘मास्तरीणबाई’, ‘हसरी’. डावा हात भरून, म्हणजे सतत एकाच हातानं काम केल्यामुळे एक दंड दुसऱ्यापेक्षा जाड. अशा बाईच्या ब्लाऊजच्या दोन बाह्या ते वेगवेगळ्या मापाच्या बेतायचे आणि तिला सांगायचे नाहीत.

सगळी दुकानं अशी नव्हती. खालच्या मोठ्या साडीच्या दुकानात गादीवर पांढरी चादर अंथरलेली असायची. शेतकऱ्याच्या कुटुंबाला त्या चादरीवर बसवून चहा पाजायचे. वखारीतली बाई आली की पोऱ्या उभ्या उभ्याच विचारायचा, “काय पायजे?” साडी हातात द्यायची नाही, लांबूनच उलगडून दाखवायची. वास लागतो, डाग पडतात, हे कारण. आणि ते खोटं होतं असंही नाही, कारण तो वास खरंच जात नसे. आमच्या गाळ्यात शिवायला आलेलं कापड कुठल्या घरचं आहे ते नाकानं ओळखता यायचं. पण दुकानाची बोहनी ज्यांच्यावर, त्यांना उंबऱ्यावर उभं करणारी ती रीत मला लहानपणीही टोचायची. बायका मात्र त्याचं फार मनावर घेत नसत. त्या साडी घेत समोरच्या छोट्या दुकानातून आणि मोठ्या दुकानाच्या पायऱ्यांवर बसून भेळ खात.

कॉम्प्लेक्सच्या सुवर्णकाळाच्या आठवणी अलीकडं व्हॉट्सॲपवर फिरतात. फोटोस्टुडिओतल्या पडद्यावरचा ताजमहाल, कॅसेटच्या दुकानात यादी लिहून देऊन भरून घेतलेली नव्वद मिनिटांची कॅसेट, एसटीडी बूथच्या काचेतला लाल आकड्यांचा मीटर, टोकन टाकून खेळायचा व्हिडिओ गेम, वर्गणी भरून रहस्यकथा नेण्याचं वाचनालय. मलाही ते सगळं आवडायचं. गेमच्या दुकानात मुलींनी जायचं नसतं, हा नियम कुणी केला होता कोण जाणे. मी दारातून बघायची. पण या आठवणी लिहिणाऱ्यांत वखारीतली एकही बाई नाही.

आण्णांच्या आठवणी त्याआधीपासूनच्या. ते कॉम्प्लेक्समध्ये येण्यापूर्वी दुसऱ्या एका टेलरकडं कारागीर होते. १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले. व्यापारी म्हणेल तो भाव, वजनात कपात, आणि त्यानंतर महिनोन्‌महिने थकलेले पैसे, हे दुखणं जुनं होतं. निपाणीजवळ रस्त्यावरच जी वस्ती उभी राहिली, तिला आंदोलननगर नाव पडलं. गावागावांतून बैलगाड्या भरून भाकऱ्या यायच्या, असं आण्णा सांगतात. ६ एप्रिलला पोलिसांनी आंदोलन मोडून काढलं. गोळीबार झाला, त्यात १२ शेतकरी गेले. त्या दिवशी आण्णा ज्या दुकानात काम करत होते तिथली फळी मालकानं आतून लावून घेतली आणि सगळे कारागीर कापडांच्या गठ्ठ्यांवर बसून राहिले. त्यानंतर काही वर्षांतच बांधलेल्या कॉम्प्लेक्सचा मालक तंबाखूचा व्यापारी, त्यात गर्दी करणारे शेतकरी, आणि मागं वखारीत पदर बांधून बसलेल्या बाया, हे तिघंही एकाच चौकात. कुणाचं कुणाशी काय देणं आहे ते ठाऊक असूनही बाजार चालू होता. वखारीतल्या बायकांचीही संघटना झाली, मोर्चे निघाले, मजुरी वाढली. मजुरी वाढली की पुढच्या महिन्यात बांगडीवाल्या मावशींकडं काचेबरोबर मेटलच्या बांगड्याही खपू लागायच्या. अर्थशास्त्राचं एवढं शिक्षण मला कॉलेजातही मिळालं नाही.

आमचं कॉलेज तरी कुठलं! देवचंद कॉलेज निपाणीला लागूनच, पण अर्जुननगर हे कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रात. सकाळी कर्नाटकातून चालत महाराष्ट्रात शिकायला जायचं आणि दुपारी जेवायला कर्नाटकात परत यायचं. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो. महाजन आयोगानं १९६७ मध्ये निपाणी महाराष्ट्राला द्यावी म्हटलं, बेळगाव देऊ नये म्हटलं, महाराष्ट्रानं अहवालच नाकारला, आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. बाहेरच्यांना यात फक्त भांडण दिसतं. बाजाराला सीमेचा फायदाही होता. कागल-मुरगूडकडची माणसं डिझेल स्वस्त म्हणून इकडं यायची आणि डिझेलबरोबर चप्पलही घेऊन जायची. २०१२ मध्ये महाराष्ट्रानं गुटखा बंद केला, कर्नाटकानं २०१३ मध्ये. मधल्या काळात पानपट्टीवाल्यांची काय चंगळ झाली ते सांगायला नको. कॉम्प्लेक्सच्या पाट्या रंगवणारा पेंटर एकच होता. मराठी अक्षर तो मायेनं काढायचा, कानडी अक्षर त्याहून मायेनं, कारण कानडीला गोलाई जास्त आणि पैसे अक्षरावर नव्हे तर फुटावर मिळायचे. आता ६० टक्के पाटी कानडीत हवी असा कायदा आहे, पण बंद शटरवरच्या जुन्या पाट्यांना तो लावायला कुणी येत नाही.

कॉम्प्लेक्स का बसलं, याबद्दल गावात तीन मतं आहेत. आण्णांचं मत रस्त्याचं. महामार्ग चौपदरी झाला, गाड्या गावाबाहेरून जाऊ लागल्या, जुन्या पी. बी. (पुणे-बंगळूर) रोडवर चहाला थांबणारा ट्रक थांबेना. दुसरं मत मॉलचं: कोल्हापूर चाळीस किलोमीटर, रस्ता गुळगुळीत, पोरं मोटरसायकलला किक मारून सरकत्या जिन्यावर फोटो काढायला जातात. तिसरं मत फोनचं, ते तर सगळ्या देशाचंच आहे.

मला ही तिन्ही मतं अर्धी वाटतात. दुकानं कुठल्या क्रमानं बंद पडली ते बघावं. कॅसेटचं दुकान गेलं, ते कुठंही गेलंच असतं. एसटीडीचंही तेच. पण मॉलनं आणि फोननं मारलं असतं तर मोठं साडीचं दुकान, रेडीमेडवाला, चप्पलवाला हे आधी जायला हवे होते. ते तर बरेच टिकले. साडीवाल्यानं मुख्य रस्त्यावर काचेचं नवं दुकान टाकलं आणि तिथं आता चादरीऐवजी सोफा आहे. आधी अंधारली ती जिन्याखालची, कोपऱ्यातली, वरच्या मजल्यावरची दुकानं. खोटे दागिने. टिकल्या-रिबनी. परकराचं कापड. भेळ. बांगड्या. आणि लेडीज टेलर. यातली एकही वस्तू आणायला कुणी कोल्हापूरच्या मॉलला जात नाही. ही सगळी हप्त्यावरची दुकानं होती.

आणि हप्ता आधीच आटत आला होता. दूधगंगा-वेदगंगेचं पाणी रानात पोचलं तसा कोरडवाहू तंबाखूच्या जागी ऊस आला. शेतकऱ्यानं शहाणपणच केलं. भाव पडला म्हणून रस्त्यावर बसायची पाळी ज्याच्यावर आली होती, तो पाणी मिळाल्यावर तंबाखूत कशाला राहील? पण उसाला वखार लागत नाही. ऊस तोडायला टोळ्या बाहेरून येतात, गाळायला कारखान्यात थोडी माणसं लागतात, आणि बिल बँकेत जमा होतं. गावातल्या बाईच्या हाताला त्यात काम नाही. उरलेल्या वखारींत चाळायची यंत्रं आली. विडीचं तर विचारूच नका. २००३ चा तंबाखूविरोधी कायदा, २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी, २०१६ मध्ये विडीच्या बंडलावर ८५ टक्के जागेत सडलेल्या घशाचं चित्र, त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटबंदी. विड्यांची सगळी मजुरी रोखीत, आणि रोखच नाहीशी. पुढच्या वर्षी जुलैत जीएसटी आला तो विडीवर थेट २८ टक्के. तो १८ वर उतरायला २०२६ उजाडलं. मधे कोरोना होऊन गेला. तेव्हा सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद मागत होते आणि कागलकडचं गिऱ्हाईक परक्या देशातल्यासारखं तिकडंच अडकलं होतं.

हे लिहिताना मला एका गोष्टीची धास्ती वाटते. असं वाटेल की वखारी परत याव्यात असं मी म्हणते आहे. अजिबात नाही. आमच्या शेजारच्या काकू रात्रभर खोकायच्या. पोटुशी बाई पोतं उचलतेय हे मी त्या उत्तरेच्या खिडकीतून पाहिलं आहे. माझ्या वर्गातल्या मुली पाचवी-सहावीत शाळा सोडून आईशेजारी सूप घेऊन बसल्या, घरात पानं कापताना रात्री अकरा-अकरापर्यंत जागल्या. विडी कामगारांच्या मुलांना कल्याण निधीतून शिष्यवृत्ती मिळायची, तिच्यातून जूनमध्ये शाळेचे परकर-पोलके शिवायला यायचे, ते मीच हूक लावून दिलेले आहेत; पण त्यातले किती परकर पुढच्या जूनमध्ये मोठे करायला परत आले, ते आण्णांनाही आठवत नाही. त्यापेक्षा रिकामं कॉम्प्लेक्स बरं. फक्त त्या बाजाराची जी रोषणाई सगळे आठवतात तिचं बिल कोण भरत होतं, एवढं तरी बोलावं. हप्त्याच्या संध्याकाळी भजी खाणाऱ्या त्या बायका खूप हसायच्या, हेही खरंच आहे. आठवड्यातले तेवढे दोन तास त्या कुणाच्या सूनही नव्हत्या आणि कुणाच्या मजूरही नव्हत्या. घरी गेल्यावर उरलेले पैसे हातातून काढून घेणारा कुणीतरी असायचाच. म्हणून तर घरी जाण्याआधी खर्च करायची घाई.

सध्या कॉम्प्लेक्समध्ये रस्त्याकडच्या बाजूला मोबाइलची तीन दुकानं, एक झेरॉक्स आणि आधारची कामं करून देणारा एक मुलगा आहे. वर मुलांची शिकवणी चालते. चौकात मोटरसायकली लावतात. कारंज्यात कुणीतरी सिमेंटची पोती ठेवली आहेत. मागची वखार पाडून मंगल कार्यालय झालं, त्याच्या स्पीकरमुळे शिकवणीवाल्या सरांची आणि कार्यालयाच्या मॅनेजरची रोज भांडणं. व्यापाऱ्याच्या नातवंडांना आता ही जागा मोकळी करून हवी आहे. खाली पार्किंग, वर चार मजले, सगळ्याला काचा आणि लिफ्ट. जुन्या भाडेकरूंना एक तर नव्या इमारतीत गाळा नाहीतर रोख. बांगडीवाल्या मावशींनी रोख घेतली. ऐंशी ओलांडलेल्या मावशी पैसे मोजून घेताना त्या नातवाला म्हणाल्या, “तुझ्या आज्जीच्या लग्नातला चुडा मी भरलेला हाय, बाबा. पाश्शे रुपये वर टाक.” त्यानं टाकले.

आण्णांनी नव्या इमारतीचा नकाशा मागवला. घरी सोप्यात तो पसरून, चष्मा वर-खाली करत बराच वेळ पाहिला. गाळ्याला खिडकी नव्हती. व्यापाऱ्याचा नातू म्हणाला, “काका, एसी आहे, सगळीकडं एलईडी आहे. खिडकी कशाला?” आण्णांनी त्याला काळ्या कापडाची गोष्ट सांगायला घेतली, ती त्यानं ऐकून घेतली, मुलगा सालस आहे. पण खिडकी काही नकाशात आली नाही. आण्णांनी रोख घेतली आणि मशीन घरी आणलं. सोप्याला उत्तरेचं दार आहे.

आता त्यांच्याकडं जुन्या गिऱ्हाइकांच्या नाती येतात. त्यातल्या काही कागलच्या औद्योगिक वसाहतीत कंपनीच्या बसनं कामाला जातात, पगार खात्यावर. मोबाइलवर पाठीमागं गोफ आणि लटकन असलेल्या ब्लाऊजचं चित्र दाखवतात, आणि आण्णा विचारतात, “ह्यात पाठ कुठं हाय?” २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट, त्यामुळे त्या शून्य रुपयांचं तिकीट काढून बेळगावला खडे बाजारात कापड घ्यायला जातात आणि शिवायला आण्णांकडं देतात, कारण बेळगावची शिलाई परवडत नाही. त्यांच्या आया, म्हणजे वखारीत सूप घेऊन बसलेल्या माझ्या वर्गमैत्रिणी, अजून निम्मी शिलाई आज आणि निम्मी नंतर अशीच देतात. फक्त वहीत आता ‘पुढचा हप्ता’च्या जागी ‘गृहलक्ष्मी आल्यावर’ असं लिहिलेलं असतं. ते सरकारचे महिन्याचे २००० रुपये वेळेवर येतीलच असं नाही; कधी थकतात, कधी दोन महिन्यांचे एकदम जमा होतात. गेल्या दिवाळीच्या तोंडावर असेच एकदम जमा झाले, तेव्हा आण्णांनी मला पुण्याला फोन केला. रजा टाकून ये म्हणाले, हुकांचा ढीग पडलाय.